बाईंनी बाहेर पडायचं शिकवलंच नव्हतं

मालूबाई बिचाऱ्या नव्हत्या. आधी हे वाचा, मग हात जोडा.

सकाळपासून हायस्कूलच्या ग्रुपवर तेच चाललंय. "लग्न नाही, मूल नाही, एकट्याच राहिल्या बिचाऱ्या."

मालूबाई आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, नोकरी मालवणात. अख्ख्या गावाला पुरून उरलेल्या बाईला कोणी बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ऐंशीला टेकलो, तरी भांडायची हौस फिटलेली नाही.

चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो.

बापूस रापणीवर. होडीतून दर्यात टाकलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढतात ना, त्यातला एक. शाळा संपली की मीही त्याच दोरीला लागणार, हे घरात ठरलेलं.

एक दिवस बाईंनी पेपरातली जाहिरात वर्गात वाचून दाखवली. सैन्यात अधिकारी होण्याचं प्रशिक्षण. निवड झाली तर शिष्यवृत्ती, राहणं-जेवण सगळं सरकारचं.

"कोण बसणार परीक्षेला?"

एकही हात वर नाही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू."

हेडमास्तर स्टाफरूममध्ये खो खो हसले. "बाई, रापणकाराचा पोर साहेब होणार? त्याला धड बूट घालता येत नाहीत!"

"त्याची निवड झाली नाही तर मी राजीनामा देईन," बाई म्हणाल्या.

मी दाराबाहेर खडू न्यायला उभा होतो. सगळं ऐकलं.

बाईंच्या ओसरीवर तयारी सुरू झाली आणि गावात कुजबुजही. तरुण बाई, संध्याकाळची शिकवणी, तीही एकट्या मुलाला. घरमालकीण येऊन म्हणाली, "बाई, लोक बोलतत."

"बोलतत? मग त्यांका नीट दिसूक व्हया."

दुसऱ्या दिवसापासून टेबल-खुर्ची भर किनाऱ्यावर. होड्यांच्या मधोमध. शाळेत शुद्ध मराठी बोलणाऱ्या बाई वाळूत पाय ठेवला की मालवणीवर यायच्या.

बूट त्यांच्या भावाचे, तो बोटीवर नोकरीला होता. मला मोठे व्हायचे म्हणून पुढे काथ्या कोंबलेला. ते घालून मी वाळूतून फताक फताक चालत टेबलापाशी यायचं आणि विचारायचं, "मे आय कम इन, सर?"

सर म्हणजे बाई.

मासे विकणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून हसायच्या. "अगो, बदक इला बघ!"

बाई ढिम्म. "आवाज कमी कर रे. मी समोर बसलंय, होडयेत नाय."

मग मुलाखतीतले प्रश्न. "बापूस काय करता म्हणून इचारल्यानी तर काय सांगतलंस?"

"फिशिंगचा बिझनेस..."

"खोटा कित्याक? रापण ओढता म्हण. मान वर करून म्हण."

माय फादर पुल्स द नेट, सर. तोंडात बसेपर्यंत म्हणायला लावलं.

लेखी परीक्षा पास झालो. मुलाखतीला दूर परमुलखात जावं लागलं. समोर तीन अधिकारी. सगळं अगदी बाईंनी शिकवल्याप्रमाणे झालं. आत गेलो, ताठ बसलो, बापाचं काम मान वर करून सांगितलं.

शेवटी मधले वयस्कर साहेब म्हणाले, "यू मे गो."

आणि तिथे घोटाळा झाला.

आत कसं जायचं ते बाईंनी घोटून घेतलं होतं. बाहेर कसं पडायचं ते शिकवायचं राहूनच गेलं होतं.

मी उठलो आणि म्हणालो, "आय ॲम कमिंग, सर."

तिघेही हसले. "कमिंग? यू आर गोइंग!"

बाईंचा राजीनामा डोळ्यांसमोर आला. खरं तर घाबरायला हवं होतं. मला राग आला.

मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडे दर्यावर निघालेला माणूस 'जातो' म्हणत नाही, सर. माझा बापूस जाळं टाकायला निघतो तेव्हा 'येतंय' म्हणतो. आई 'ये' म्हणते. मग होडी पाण्यात जाते. तुम्ही कितीही हसा, मी 'गोइंग' म्हणणार नाही.

वयस्कर साहेब खुर्चीत पुढे झुकले.

"ऑल राइट," ते म्हणाले. "देन कम."

गावी येऊन बाईंना सांगताना मला रडू फुटलं. "बाई, घात झालो. तुमची नोकरी गेली."

बाई टेबलावर डोकं टेकून हसल्या. "इंग्रजी चुकलंस, बाकी काय चुकूक नाय. आणि नोकरी गेली तर मासळी इकतलंय."

मासळी विकायची वेळ आली नाही. निवडीचं कळलं तेव्हा बापूस किनाऱ्यावरच होता, दोरी सोडून वाळूत खाली बसला.

हेडमास्तरांनी सत्कार ठेवला. "आमच्या शाळेने घडवलेला हिरा," वगैरे. बाईंना स्टेजवर खुर्ची नव्हती, त्या मागे भिंतीला टेकून उभ्या. मी बोलायला उठलो आणि होडीतला आवाज काढला. "शाळेने नाही. बाईंनी!"

एवढंच बोलून बसलो. टाळ्या कोळणींनी वाजवल्या.

पुढे आयुष्य युनिफॉर्ममध्ये गेलं. दर सुटीत बाईंकडे जायचो. पुस्तकं, मांजरं, पोरांच्या शिकवण्या, कोणाशी तरी चाललेलं भांडण. एकटेपणाला त्या घरात जागाच नव्हती. निघताना मी म्हणायचो, "येतंय, बाई." त्या म्हणायच्या, "ये रे." या दिवाळीतही भिंत धरत दारापर्यंत आल्या होत्या.

आज त्यांची भाची फोनवर म्हणाली, "काका, ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली तरी टाका."

नाही टाकणार. 'गेल्या' हा शब्दही माझ्या हातून लिहिला जाणार नाही. डोळे भरून आलेत, चष्मा दोनदा पुसला, पण नाही.

आज निघायची पाळी त्यांची आहे. उत्तर द्यायची माझी.

येवा, बाई.