संत्र्यावर गिरवलेली सुई

चार वकील जमले की खटल्यांचे किस्से निघतात, चार मास्तर जमले की पोरांचे. आमच्या अमरावतीच्या दवाखान्यात मात्र किस्से साठले ते मोठ्या माणसांचे, आणि एकूण एक संताप आणणारे! मी हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तर, डॉक्टर माझे दोस्त. मधुमेह झालेल्या पोरांनी आपलं दुखणं आपणच सांभाळावं म्हणून त्यांनी रविवारचा वर्ग काढला. इन्शुलीन मिळायला लागलं होतं, पण रोज सुई टोचायला गावोगाव डॉक्टर कुठून आणणार? नागपूरहून पत्रकं मागवली, तर सगळी इंग्रजीत! पोरांनी ती काय चाटायची? मग चित्रं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

*

साखर किती उतरते ते पाहायला लघवीत निळं औषध घालून काचेची नळी तापवायची. निळीच राहिली तर उत्तम, हिरवी-पिवळी झाली तर सांभाळा, विटकरी झाली तर धोका. मी रंगांचा मोठा तक्ता केला. पोरांनी नळी त्याला लावून रंग ताडून पाहायचा. पुढच्या रविवारी पाहतो तर कंपाउंडरनं तक्ता काचेत मढवून पार छताजवळ टांगलेला!

"काहून हो?"

"खाली ठेवला तं पोट्टे हात लावतीन ना!"

अहो, हात लावायलाच केला होता!

*

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका वकिलांचा वासू वर्गाला यायचा. त्याच्यासाठी ताटाचं चित्र काढलं. भाकरी एवढी, भाजी एवढी, गोड अजिबात नाही, आणि सुई घेतली की ताट वाढलंच पाहिजे. त्याच्या आत्यांनी नाक मुरडलं. "भरल्या घरात लेकराले उपाशी ठेवता काय?" म्हणाल्या आणि त्याला लाडू चारले. नळी विटकरी!

"तुमची नळीच खोटी हाय."

वासू म्हणाला, "आत्या, नळीनं लाडू नाही खाल्ले!"

आणि मार कुणाला बसला? वासूला! माझा तर तिळपापड झाला.

*

कमल रिद्धपूरकडच्या बागवानाची पोरगी, बारा वर्षांची, हुशार. तिला अमरावतीच्या बोर्डिंगात राहून शिकायचं होतं. स्वतःची सुई स्वतः घेता आली तरच ते जमणार, नाहीतर घरी परत. बिचारी संत्र्यांवर हात बसवत होती, उकळलेलं पाणी सुईनं आत सोडून. एका रविवारी नागपूरचे कुणी बडे साहेब पाहणीला आले. पोरांना एक प्रश्न विचारतील तर शपथ! टेबलावरची संत्री तेवढी सोलून खाल्ली. "वा! वऱ्हाडचं संत्रं म्हणजे काय रसाळ!"

साहेबांची मोटार गेल्यावर कमल डॉक्टरांना म्हणाली, "सायबानं माहा अभ्यास खाल्ला!"

*

शेवटी बोर्डिंगात जायचा दिवस आला. तिथल्या मुख्य बाई पुण्याच्या, कडक. आम्ही परोपरीनं सांगितलं, की ही पोरगी सगळं स्वतः करते. बाई ऐकेनात.

"लहान मूल आहे ते. सुईसारखी गोष्ट जबाबदार माणसासमोरच झाली पाहिजे. मी स्वतः पाहीन, मगच प्रवेश."

पोरीनं केलेल्या कष्टांना काही किंमतच नाही! मला इतका राग आला, पण बोलून बिघडवायचं कसं? तिचे वडील दाराबाहेर ट्रंकेवर बसले होते. गडी मनातल्या मनात नवस बोलत असावा. आत स्पिरिटचा दिवा पेटला. कमलनं सुई उकळून घेतली, औषध भरलं. बाईंनी दार लोटून घेतलं.

थोड्या वेळानं आतून धाडकन आवाज आला.

आम्ही सगळेच आत धावलो. बाई जमिनीवर आडव्या, डोळे मिटलेले. कमलनं त्यांचे पाय उशीवर उचलून ठेवले होते आणि आता ती शांतपणे सुई पुसत होती. स्वयंपाकीणबाई किंचाळल्या, "अवं माय! इथं जबाबदार कोण हाय?"

"मी," कमल म्हणाली. "बाईंच्या तोंडावर पानी मारा. अन् मले वाढा, सुई घेऊन झाली."