बहरीनच्या जूनमधला हिमदंश

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. शाळेत विज्ञान शिकवायचे मी! तरी हे लिहितेय, कारण यातलं निम्मं माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही बहरीनला, माहूजमध्ये राहायचो. माझे मिस्टर इंजिनीअर. खालच्या खोलीत त्यांच्याच कंपनीतले ड्रायव्हर भिवाभाऊ – मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा जेवायला आमच्याकडेच. मला 'वयनी' म्हणायचे, पण धाक वडिलांसारखा.

त्या जूनमध्ये हे लीव्ह घेऊन पुण्याच्या मित्रांबरोबर हिमाचलात ट्रेकला गेले. दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी साडेदहाला, मी मासे साफ करत होते आणि भिवाभाऊ नारळ खवत होते. एकाएकी त्यांचा हात थांबला... डोळे उघडे, पण नजर भलतीकडेच.

"सायबानू, थांबा!" केवढ्यांदा ओरडले! "फुडे जाव नकात! खाली पोकळ आसा, सगळा घसरतला!"

मी घाबरून त्यांचा खांदा हलवला. अंग गारठलेलं – बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं, आणि भिवाभाऊ कुडकुडत होते! मिनिटभराने भानावर आले. "काय नाय गो वयनी... पाय बधिर झालो." उजव्या पायाची तीन बोटं पांढरीफटक पडली होती. संध्याकाळी त्यांवर फोड आले.

दवाखान्यातले डॉक्टर काश्मीरचे. बोटं बघून चक्रावले. "ये तो बर्फ़ का ज़ख़्म है. कहाँ गए थे?"

"माहूज में था, साब."

डोंगरात फोन कुठला? दहा दिवस मी जीव मुठीत धरून काढले. हे परतले, आणि मी काही बोलायच्या आतच सांगू लागले –

"रात्रभर ताजा बर्फ पडला होता. असला नवा बर्फ जुन्या कडक थराला धरत नाही, ऊन चढलं की सुटतो. पहाटेच तो उतार ओलांडायचा, पण निघायलाच उशीर झाला. दुपारी एक वाजता घाईने मी पुढे झालो... आणि मागून भिवाभाऊ ओरडले! हसू नकोस. मी वळून मागे आलो, तेवढ्यात धप्प असा पोकळ आवाज झाला आणि समोरचा अख्खा उतार खाली गेला."

तिकडचा एक म्हणजे आमचे साडेदहा.

मी त्यांना खाली घेऊन गेले. भिवाभाऊंच्या पायाचं बँडेज बघून हे खाली बसले आणि तो पाय मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडले. पुढे रोज ड्रेसिंग त्यांनीच केलं.

ह्यांनी भिवाभाऊंना खोदून खोदून विचारलं.

"माका काय एक आठवत नाय, सायबानू," ते म्हणाले. "पण परत खय जातलात तर आदी सांगा. मी बूट घालून बसतलंय."