घरी परतलेला हुतात्मा

दहिसरची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा बिल्डरने तळमजल्यावर एक हॉल दिला. हॉलला नाव कुणाचं द्यायचं यावर सोसायटीच्या चार मीटिंगा झाल्या आणि माझा पुतण्या सेक्रेटरी असल्यामुळे आमच्या घरातला मेलेला माणूस निवडून आला. माझ्या नवऱ्याचे पणजोबा. ते गोऱ्या साहेबाच्या पलटणीत साधे शिपाई होते आणि काबूलच्या बाजूला कुठेतरी लढाईवर गेले होते. पुतण्याने संगमरवरी फलकाचा मजकूर लिहिला, ‘देशासाठी रणांगणावर देह ठेवणारे हुतात्मा.’ देश कुणाचा, ते लिहिलं नाही.

त्या काळच्या शिपायाचा फोटो कुठून असणार? तो कॉम्प्युटरवर करून घेतला. डोक्यावर फेटा, हातात तलवार, मागे घोडा. नाक पुतण्याचं.

घरातली मोठी म्हणून चित्रावरचा पडदा मी ओढायचा होता. मी म्हटलं, "हा माणूस लढाईत मेला नाही."

"काकी, आपण दर वर्षी पितृपक्षात चतुर्दशीला त्यांचं पान वाढतो. शस्त्राने मेलेल्यांचीच ना ती तिथी?"

तिथी बरोबर होती. माणूस चुकीचा होता.

हे मला सासूने सांगितलं. ती लग्न होऊन कोकणात त्या घरात आली तेव्हा पणजोबांची बायको जिवंत होती. तिच्याच तोंडून सासूने सगळं ऐकलं होतं.

पणजोबांनी तलवार पाहिली असेल ती साहेबाच्या कमरेला. त्यांनी खड्डे खणले, ओझी वाहिली आणि चालले. थंडीने डाव्या पायाची तीन बोटं गेली, मग पटकी झाली. शेजारच्या गावचा एक शिपाई रजेवर आला, त्याने त्यांना मढ्यांच्या रांगेत पडलेलं पाहिलं होतं. त्यांचा लोटा त्याने घरी आणून दिला. घरच्यांनी क्रिया उरकली. पोरगा लढाईवर जाऊन हगवणीने मेला म्हणायला बरं दिसेना, म्हणून चतुर्दशी धरली. बायको वीस वर्षांचीही नव्हती, मूलबाळ नव्हतं. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं.

तिसऱ्या वर्षी पणजोबा लंगडत दारात आले.

तोवर भावांनी त्यांचं शेत वाटून घेतलं होतं. भटजींना बोलावलं. ते म्हणाले, ज्याची क्रिया झाली त्याला माणसांत घ्यायचं तर पुन्हा जन्माला घालायला हवं. आधी बारसं, मग स्वतःच्याच बायकोशी नव्याने लग्न. भावांनी हिशोबी चेहरे केले. लग्न लावलं की माणूस जिवंत, आणि जिवंत माणसाला शेत द्यावं लागतं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. ते वर्ष कधी आलं नाही. पणजोबा पडवीत राहिले, भावांच्या म्हशी राखल्या, आणि दर भाद्रपदात स्वतःच्या श्राद्धाची खीर जेवले. वडे मागून घ्यायचे म्हणे.

पडवीत राहूनही त्यांना दोन मुलगे झाले. त्यातल्या धाकट्याचे आम्ही सगळे. गाव म्हणायचं, विधवेला पोरं झाली. नवरा समोर बसून विडी ओढत असायचा, तरी म्हणायचं. लग्न पुन्हा लागलं नाही, म्हणून तिने मरेपर्यंत कपाळाला कुंकू लावलं नाही. तो म्हातारा होऊन खोकल्याने गेला, तेव्हा तिच्याजवळ रडायलाही कुणी आलं नाही. तिचं रडून झालेलं होतं ना.

मी पुतण्याला म्हटलं, "तू त्यांना रणांगणावर मारलंस, तर त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे तुझे पणजोबा, कुठून आले?"

आत पुतण्याची बायको फिसकन हसली.

"मुलं आधीच झाली होती असं सांगू," पुतण्या म्हणाला. "कोण तपासतंय?"

"मी."

"चौथी शिकलीस आणि मला इतिहास सांगतेस?"

"इतिहास नाही रे. तुझ्या घरातल्या बाईला गाव जे म्हणत होतं, ते तू आता दगडावर कोरतोयस."

"फलक गेलाय कोरायला, काकी. आता काही होत नाही."

"मग चित्रात तिला उभी कर. कुंकू लावून. नाहीतर पडदा तूच ओढ."

"हुतात्म्याच्या बायकोला कुंकू? लोक विचारतील ना."

"विचारू देत."

पत्रिकेवर माझं नाव छापून झालं होतं, म्हणून तो नमला. पणजीला नऊवारी नेसवली, नथ घातली आणि कुठल्यातरी नटीचा चेहरा दिला. कुंकू मात्र मी म्हटलं तसंच होतं, मोठं, लांबून दिसणारं.

रविवारी मी पडदा ओढला. टाळ्या झाल्या, भाषणं झाली, लोक समोशांकडे वळले. सातव्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर चित्रासमोर थांबले, मग माझ्या खुर्चीपाशी आले. "आजी, हे हुतात्मा ना? मग शेजारी बायकोच्या कपाळावर कुंकू..."

"बसा," मी म्हटलं. "ते घरी आले होते."

मी सगळं सांगितलं. पटकी सांगितली, म्हशी सांगितल्या, खीरही सांगितली. तोवर आणखी चार बायका बशा घेऊन भोवती उभ्या होत्या.

"मग फलकावर असं कसं?" मास्तरांनी विचारलं.

"ते सेक्रेटरींना विचारा," मी म्हटलं. "ते बघा, माइकपाशी उभे आहेत."