सोनीच्या बापाचा अंगठा

प्रिय मीरा आणि निखिल,

तुमच्या शाळेच्या 'आमच्या घरातले खेळाडू' या पुस्तिकेत माझा जुना फोटो छापून आलेला पाहिला. बारा मुली, मध्ये ढाल, कडेला काठाच्या पातळातली मी. खाली तुम्ही लिहिलंय, "आमच्या आजीने हा खो-खोचा संघ तयार केला." तुमच्या आईने तो फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला, असंही कळलं. म्हणून आज लिहायला बसले. तो संघ मी तयार केला नाही. एस.टी. सोडली तर जन्मात मी कशाच्याही मागे धावलेली नाही. ज्याने तो तयार केला तो फोटोत नाही, आणि का नाही ते मला ठाऊक आहे.

"आतला पाय थांबवजो, भाईरचा धावू दे!" हे त्याचं वाक्य. दिवसातून पन्नासदा.

पुसदच्या मुलींच्या शाळेत तो शिपाई होता. मी नागपूरहून बी.ए. होऊन तिथे इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मुली त्याला मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणू लागले. फुलसावंगीच्या पलीकडे त्याचा बंजाऱ्यांचा तांडा. उंच, काटक, कानात वाळ्या, आणि पायांत काही नाही. वहाणा होत्या, पण त्या तो काखेत धरून चालायचा. "झिजतीन ना, बाई," म्हणायचा.

रोज सकाळी तो मैदानावर फक्की टाकून खो-खोचं मैदान आखायचा, तेही पावलं मोजून. एकदा ड्रिलच्या मास्तरांनी टेप लावली, तर चार बोटांचा फरक निघाला.

"मामा, चुकलं तुमचं."

"माहं नाई जी. तुमची टेप उन्हानं लांबली."

मास्तर तेवढ्यावर टेप गुंडाळून गेले, ते पुन्हा मैदानाकडे फिरकले नाहीत. खेळाचा तास नावाला माझ्याकडे आला. मी छत्री घेऊन निंबाच्या सावलीत बसायची, शिकवायचा तो.

खो-खोत पाठलाग करणारीला खांबाला वळसा घालून मगच मागे फिरता येतं. तिथेच तिचा वेग मरतो आणि पुढची पळती निसटते. मामाचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. सगळं घराणंच पायांवर जगलेलं. तो मुलींना सांगायचा, "तांडा वळवताना कसं करतेत? आतला बैल जागीच थांबवतेत अन् भाईरचा धावडतेत. तुमी दोन पायाचे बैलच हा."

"आमी बैल काहून वो मामा?" मुली खिदळायच्या.

"बैलाले अक्कल असते, तुमाले आणाची हाय. चला, पुन्हा!"

त्याची मुलगी सोनी नववीत होती. खांबाशी ती आतला पाय रोवायची आणि नुसती फिरायची नाही, सुटायची. ती आलेली पाहिली की समोरची पळती आधीच हात वर करायची. तांड्यावर तिचं लग्न ठरत आलं होतं. मामाने भावकीला एका शब्दावर थांबवलं होतं: पोरगी यवतमाळला जिल्ह्याच्या सामन्यात खेळून येऊ दे, नाव झालं तर मॅट्रिकपर्यंत शिकवू, नाही तर होळीनंतर तुम्ही म्हणाल तिथे देऊ. हे त्यानेच मला सांगितलं होतं, घंटेखाली बसून, तंबाखू मळत.

आता माझी पद्धत सांगते. सामन्यासाठी प्रत्येक पालकाचा संमतीचा फॉर्म लागे. फॉर्म इंग्रजीत असे, आणि 'राजी आहे' व 'राजी नाही' यांपैकी नको ते खोडायचं असे. खेड्यावरचे पालक फक्त बाजाराच्या दिवशी येत. म्हणून मी त्यांच्याकडून कोऱ्या फॉर्मवरच सही किंवा अंगठा घेऊन ठेवायची आणि बाकीचं निवांत, सुंदर अक्षरात भरायची. कधी घोटाळा झाला नाही. सगळी शाळा या पद्धतीचं कौतुक करायची. मामाने अंगठा उमटवला आणि शाई डोक्याला पुसत म्हणाला, "तुमी लिवनार म्हंजे चिंता नाई."

निघायच्या दोन दिवस आधी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. संस्थेच्या चिटणीसांच्या पुतणीला संघात घ्यायचं होतं. बारा जागा भरलेल्या.

"सोनीच्या बापाचा फॉर्म अजून कोरा आहे ना?" त्यांनी विचारलं. "पालकच राजी नसतील तर आपण काय करणार?" मग जराशाने म्हणाल्या, "मार्चमध्ये तुमच्या कायम होण्याचा विषय कमिटीपुढे यायचाय."

एवढंच. त्या रागावल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. मी टेबलाशी आले, पट्टी घेतली आणि 'राजी आहे' हे सरळ खोडलं.

निघायच्या सकाळी सोनी सगळ्यांच्या आधी गाडीशी उभी होती. हातात गाठोडं, वेण्या घट्ट, केसांना इतकं तेल की कपाळावर ओघळलेलं. मोठ्या बाईंनी फॉर्म मामापुढे धरला.

"हा अंगठा तुमचाच ना?"

त्याने आधी कागद पाहिला, मग स्वतःचा अंगठा. "हो जी, माहाच."

"यात तुम्ही मुलीला पाठवायला राजी नाही, असं आहे."

तो माझ्याकडे वळला. "बाई, मी नाई म्हनलो का?"

मुलांनो, त्या क्षणी मला काहीही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "कागदावर तसंच आहे, मामा."

त्याने विश्वास ठेवला. माझ्यावरचा नाही, स्वतःवरचा विश्वास काढून घेतला. सोनीला म्हणाला, "माय वो, माहाच अंगठा उलट्या जागी बसला असन."

"तुले कोनं सांगतलं होतं अंगठा द्याले!" ती किंचाळली. गाठोडं तिथेच टाकून ती चालू लागली. ते उचलून तो तिच्या मागे गेला. ती तांड्याकडे पळाली, आणि त्या दिवशी तो तिला गाठू शकला नाही.

आम्ही ढाल जिंकली. मामाच्याच वळशाने जिंकली. चिटणीसांची पुतणी राखीव होती, एक मिनिटही खेळली नाही. फोटोत मात्र ढालीला हात तिचा आहे.

होळीनंतर सोनीचं लग्न झालं. आठवड्याने मामा माझ्या वर्गाच्या दाराशी आला. त्यांच्यात सासरी निघालेली मुलगी एकेका माणसाच्या गळ्यात पडून, त्याचं नाव घेऊन गाण्यात रडते.

"सगळ्यायच्या गळ्यात पडली," तो म्हणाला. "चुलत्याच्या, मामाच्या, शेजाऱ्याच्या म्हाताऱ्याच्याबी. माह्याजवळ आली अन् पुढं गेली."

मी खडू हातात धरून उभी.

"बाई, तो कागद मले दाखवता का? कोन्या जागी अंगठा द्यायचा होता ते पाहून घेतो. धाकटीच्या वक्ताले चुकू नाई."

मी फाईल काढली. काढायला नको होती, पण माझ्या फायली नेहमी हाताशी असत. त्याने कागदावर खूप वेळ बोट फिरवलं.

"अंगठ्याची जागा तर एकच दिसते."

"हो."

"मंग हे वर खोडलेलं काय हाय?"

"'राजी आहे' असं होतं ते."

त्याने अंगठा त्या खोडलेल्या शब्दांवर ठेवला, उचलला, पुन्हा पाहिला. "अंगठ्यानं तर खोडता येत नाई, बाई," तो हळूच म्हणाला. मुलांना समजावून सांगताना लावतात तसा आवाज होता, राग नव्हता. मी खडू फळ्याच्या कडेला ठेवून हात पुसले. मग त्याने कागद नीट फाईलमध्ये ठेवला, दोरी बांधली आणि गेला.

सोमवारी मैदान आखलेलं नव्हतं. पगारही न्यायला तो आला नाही. मार्चअखेर मी कायम झाले. त्यानंतर तीस वर्षं शिकवलं.

सोनी मला पुढे एकदा उमरखेडच्या स्टँडवर भेटली, कडेवर मूल घेऊन. तिनेच ओळखलं, वाकून नमस्कार केला. बाप मागच्या पावसाळ्यात गेला, म्हणाली. "भोया होता बाई, कागदाचं काई कळे नाई त्याले. मी लय दिवस बोललीच नाई त्याच्यासंग." त्याने तिला माझं नाव सांगितलंच नव्हतं, की सांगितलं आणि तिला पटलं नाही, हे मी विचारू शकले असते. तेवढ्यात पुसदची गाडी लागली आणि मी चढले.

फोटो भिंतीवरून काढा, की ठेवा, ते तुम्ही ठरवा. खालची ओळ मात्र खोडा.

सोनीला लिहायला मी यंदा चारदा बसले आणि चारही वेळा फक्त पत्ता लिहून झाला. ती आहे. तिला ऐकू येतं, चालता येतं, नातवंडं आहेत. आणि चूक आपल्या बापाची होती, हे ती अजून धरून आहे.

तुमची
आजी