वॉटफर्डहून पुण्याला निघालेली काळी बरणी

वॉटफर्डचं घर रिकामं करताना फर्निचरचा प्रश्न लगेच मिटला, खाण्याचा मात्र मिटेना. पुण्याला कायमचं परत जायचं, तर इथलं काय न्यायचं? माझ्या नवऱ्याचं, समीरचं, म्हणणं होतं की पुण्यात आता सगळं मिळतं. असं तेच म्हणतात, ज्यांनी कधी वाणसामान भरलेलं नसतं. मी बॅग भरायला घेतली. माल्ट व्हिनेगर, पुदिन्याचा सॉस, कस्टर्ड पावडर, गोल्डन सिरप (आपल्या काकवीचा गोरा भाऊ). टी-बॅग्जही घेतल्या. मूळची आसामची चहापत्ती परत भारतात नेतेय म्हणून समीर हसला. हसू दे. मला आता तसाच चहा लागतो.

खरा प्रश्न होता इराच्या बरणीचा. आमची लेक नऊ वर्षांची, जन्म इथलाच. टोस्टवर लोण्यासोबत लावायचा यीस्टचा काळा, खारट लेप तिला रोज सकाळी हवा.

"माझा बरणी येणार, तर मी येणार," तिने बजावलं होतं. शाळा, मैत्रिणी, सगळं सोडायला निघालेल्या पोरीने एवढंच मागितलं होतं. ती बरणी पुण्याला पोचवायचीच, असं मी ठरवून टाकलं.

जवळच्याच पिनरला राहणारी आमची मैत्रीण वंदना गाडीने हीथ्रोला सोडायला आली. चेक-इनला बॅगा काट्यावर चढल्या आणि वजन जास्त भरलं. इरा म्हणाली, बरणी मी हातात नेते. काउंटरवरच्या बाईंनी हळुवारपणे सांगितलं की असलं चिकट काही सिक्युरिटीत काढून घेतात. इराचे डोळे भरून आले.

समीर व्हिनेगर काढू लागला. मी त्याला बाजूला सारून त्याची बॅग उघडली. कपड्यांखाली स्टीलचे डबे. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट. सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेले सगळे जिन्नस हे महाशय पुण्यालाच घेऊन निघाले होते.

"प्रवास म्हटलं की डबे लागतातच ना," तो पुटपुटला. "सवयीने हातच तसे चालले."

वंदनाने हसत हसत सगळे डबे उचलले. आमचं मन बदलायच्या आत ती पार्किंगकडे निघालीसुद्धा. बरणीसकट बॅग पुन्हा काट्यावर चढली. बरोबर भरली. काउंटरवरच्या बाई खूश होऊन म्हणाल्या, बरणी जाड कपड्यात गुंडाळा, सिडनीच्या भावाला मीही अशीच पाठवते. सामना जिंकल्यासारखी मी विमानात बसले.

पुण्यात पहिले काही दिवस बरणी इराच्या उशाशीच होती. एका रविवारी भाकरीवर लोणी घेता घेता सासूबाई म्हणाल्या, "आण बघू तुझं ते काळं औषध."

"आजी, थोडाच लाव हं. खूप सॉल्टी असतो."

सासूबाईंनी चमच्याच्या टोकाने लावलं, खाल्लं, जरा विचार केला आणि दुसरी भाकरी पुढे ओढली. मऊ भातावरही छान लागेल, असा निकाल दिला. इरा इकडे आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली.

संध्याकाळी पाहिलं, तर बरणी स्वयंपाकघरात, मेतकुटाच्या डब्याशेजारी. बॅगेत काय काय आणलं याची बढाई मी अजूनही मारते, पण ही जागा काही मी शोधलेली नव्हती. इथे कशी आली, असं मी इराला विचारलं.

"माझ्या रूममध्ये आजीला मिळणार नाही ना," ती म्हणाली.