मुनेश्वर सर लग्न लावतात

उकंडा मुनेश्वर मूळचे मुकुटबनचे. आधीची दोन लेकरं दगावली, म्हणून आईनं यांना जन्मताच उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून उचललं आणि तेच नाव पडलं. पुढे ते प्राध्यापक झाले तेव्हा आई म्हणाली, "आतातरी नाव बदलून घे ना बाबू."

"याच नावानं जगलो ना, माय," ते म्हणाले. विषय संपला.

वणीच्या एका कॉलेजात ते पाली शिकवीत. आठवडाभर वर्गात विभक्ती आणि धातू. रविवारी पांढरा सदरा घालून गावोगाव बौद्ध पद्धतीनं लग्नं लावायची, कारण ते बौद्धाचार्यही होते. दोन्ही कामांत जीव सारखाच. वर्गातली बाकं मात्र रिकामी. "पाली शिकून काय करू, सर?" असं पोरं विचारत. "मजा येते," सर सांगत. तेवढ्यावर कोण प्रवेश घेतो?

एकदा मारेगावजवळच्या लग्नात सर पालीतल्या गाथा म्हणत होते. मध्येच नवरी, ममता, म्हणाली, "सर, थांबा ना जरा. मी कायले हो म्हणून राह्यली, ते तं सांगा."

नवरदेवाच्या मामानं डोळे वटारले. सरांना मात्र आनंदानं काय करू अन् काय नाही असं झालं. इतक्या वर्षांत वर्गातसुद्धा असं कोणी विचारलं नव्हतं! त्यांनी ओळ न् ओळ वऱ्हाडीत फोडून सांगितली. नवऱ्यानं बायकोचा मान राखावा, हे आलं तशी बायकांतून हाळी आली, "हे पुन्हा सांगा सर, मागंपर्यंत आलं नाही!" सगळा मांडव हसला. भात निवला, आचारी भडकला, पण कोणी उठलं नाही.

कॉलेज उघडलं तशी ममता वर्गात हजर. सोबत सासू, रुखमाबाई. "मले परीक्षा नाही द्याची. नुसतं आयकू द्या," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागोमाग आजूबाजूच्या गावांतल्या सुना, पोरी, दोन निवृत्त मास्तर आले. बाकं कमी पडू लागली. सर निवृत्त झाले तोवर ममता एम.ए. होऊन तिथंच तासिका तत्त्वावर शिकवू लागली होती. लग्नंही लावत होती.

सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कॉलेजच्या निवृत्त ग्रंथपाल विमलताई यांनी लग्नच केलं नव्हतं. दोघांचा संध्याकाळचा चहा ठरलेला. एके दिवशी सर चाचरत म्हणाले, "विमलताई, आपण लग्न करावं काय?"

"आधी ताई म्हणणं तं सोडा," त्या म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

सरांची मुलगी निशिगंधा हे ऐकून नाचलीच. मांडव पडला. लग्न लावायला ममता उभी राहिली. तिनं गाथेला सुरुवात केली, तर सवयीनं सरांचाच आवाज वर चढला.

"सर, आज तुम्ही नवरदेव आहा. चूप बसा."

प्रतिज्ञेची वेळ आली तेव्हा शेकडो जणांकडून वदवून घेतलेले शब्द सरांना आठवेचनात. विमलताईंनी कानात पहिला शब्द सांगितला, मग गाडी धावली. रुखमाबाईंनी फुलं उधळली ती अर्धी सरांच्या चष्म्यावर.

दुसऱ्या दिवशी दोघं विमलताईंच्या बहिणीकडे फुलसावंगीला निघाले. विमलताईंच्या हातांवरची मेंदी लाल होती, सरांच्या खांद्यावर एक पाकळी अजून चिकटलेली. एसटीचा कंडक्टर ओळखीचा.

"काय सर, लग्नाहून येऊन राह्यले?"

"हो," सर म्हणाले, "आमच्याच!"