मागच्या चाकाचा नट

कोपरखैरण्याच्या गावठाणात रोहिदास पाटलाचं गॅरेज. माणूस नववी नापास, पण वाचन बघाल तर थक्क व्हाल! रेसिंग बाइकच्या इंजिनांवरचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ रबाळ्याच्या भंगारवाल्याकडून उचलून आणायचा आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ लावत बसायचा. एवढं शाळेत वाचलं असतंस तर साहेब झाला असतास, असं त्याची बायको शांती टोमणा मारायची. हा आपला हसायचा. पण पुस्तकात छापलंय म्हणजे ब्रह्मवाक्य, ही त्याची खोड, आणि तिथंच घात झाला.

शनिवारी शेजारच्या सेक्टरमधल्या सोसायटीतल्या अभयची हजार सीसीची बाइक टायर बदलायला आली. कंपनीचं सर्व्हिस सेंटर सोडून हा पोरगा विश्वासानं काकांकडे यायचा. रोहिदासनं मागचं चाक बसवलं आणि नट किती आवळायचा ते पुस्तकाच्या तक्त्यात पाहिलं. चौऱ्याहत्तर. लावलेल्या आकड्याइतकं आवळून झालं की वाजणाऱ्या टॉर्क पान्यावर तेवढाच आकडा लावला, कट्‌ असा आवाज आला आणि तो थांबला. अजून थोडा लागतोय, असं तीस वर्षांचा हात सांगत होता. त्यानं हाताला गप्प केलं.

रविवारी सकाळी चहा घेता घेता तेच पान उघडलं गेलं आणि तक्त्याच्या डोक्यावरची बारीक अक्षरं त्याला दिसली. पुस्तक अमेरिकेचं, आकडे फूट-पाउंडातले. पाना होता न्यूटन-मीटरचा. त्या पान्यावर शंभर लावायला हवे होते! त्यानं तसाच अभयला फोन लावला. अभय तर केव्हाच मित्रांबरोबर खोपोलीकडे निघाला होता.

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अकरा वेळा. हेल्मेटमधल्या पोराला कसला ऐकू येतोय!

"शांते, पोराला मी माज्या हातानं मारला," तो म्हणाला आणि टॉर्क पाना नि साधा पाना घेऊन अनवाणीच स्कूटरवर बसला. वाटेत कुठं चार माणसं जमलेली दिसली की तो स्कूटर हळू करून आत डोकावून बघायचा.

पनवेलच्या पुढं फोन आला. गाडी मागून डगमगली म्हणून अभयनं बाजूला घेतली होती. नट ढिला झालाय, मित्राकडे पाना आहे, आवळून घेऊ का, असं तो विचारत होता.

"हात लावू नको. चूक माजी हाय. मी येतंय."

पोचल्यावर त्यानं टॉर्क पाना बाजूला ठेवला. साधा पाना लावून डोळे मिटले, नट आवळला आणि हातानं सांगितलं तिथं थांबला. मग टॉर्क पान्यावर शंभर लावून बघितलं. कट्‌. नट केसभरही हलला नाही.

"परफेक्ट आहे की काका!" अभय खूश झाला.

रोहिदास रस्त्याच्या कडेला मटकन बसला आणि ग्रीसनं माखलेल्या हातांत तोंड लपवून रडायला लागला.

"हाताला म्हाईत व्हतं रे," तो म्हणाला. "काल पन म्हाईत व्हतं."